दुसऱ्या कानातली बाई

त्या दुपारी तिच्यामागं काम तसं थोडंच होतं. बाळ झोपलं की शिलाईवाल्याच्या चोवीस शर्टांना बटणं लावायची आणि मग घटकाभर मोबाइलवरच्या गुहेत जाऊन यायचं. नवरा मालाचा ट्रक घेऊन चार-चार दिवस बाहेर. घरात ती, चार महिन्यांचं बाळ आणि बटणांचा डबा. डब्याशी किती बोलणार? म्हणून नवऱ्याच्या जुन्या मोबाइलवर तिनं तो खेळ सुरू केला होता.

खेळाचं असं होतं, की गुहेत एकट्यानं शिरता येत नसे. पाच जण लागत. 'सोबती शोधा' हे बटण दाबायचं, चाक गरगर फिरायचं आणि कुठून कुठून अनोळखी माणसं येऊन उभी राहायची. त्यातली तीन तिला घरच्यासारखी झाली होती. ढाल घेऊन पुढं चालणारा पहिलवान, जो खऱ्या आयुष्यात घड्याळं दुरुस्त करायचा. जादू टाकणारा मास्तर. आणि धनुष्यवाली घाई, कॉलेजातली पोरगी, सगळ्यांच्या आधी पळायची. पाचवं माणूस रोज नवीन.

ती स्वतः मलमपट्टीवाली. सगळ्यांच्या मागं थांबायचं. पडद्याच्या कडेला प्रत्येकाच्या नावाखाली जिवाची हिरवी पट्टी असे, ती उतरली की औषध द्यायचं. थोडक्यात, काळजी करायची. ते तिला शिकवावं लागलं नव्हतं. तेविसाव्या वर्षी सगळे तिला आजी म्हणत.

तिचा एकच नियम होता. सोबत्यांचं बोलणं ऐकायला एका कानात मोबाइलच्या तारेचं टोक, दुसरा कान आतल्या खोलीकडं. बाळ नुसतं कण्हलं तरी ती उठे.

पण त्या दुपारी खाली रस्ता खणत होते. यंत्राच्या घरघरीत पहिलवानाचा शब्द कळेना. आजच्या दिवस, असं म्हणून तिनं तारेचं दुसरं टोकही कानात घातलं.

"पाचवं कोण मिळालं?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"नाव 'मागची' आहे," मास्तर म्हणाला. "हातात हत्यार नाही, अंगावर घोंगडी. आजी, तुमची मैत्रीण दिसते."

मागची काही बोलली नाही. गुहेत शिरताना ती येऊन आजीच्या खेळातल्या बाहुलीच्या मागं उभी राहिली. अगदी जवळ. चालली की चालायची, थांबली की थांबायची.

गुहेत पाणी ठिबकत होतं. रस्त्यावरचं यंत्र आता ऐकू येत नव्हतं. काहीच ऐकू येत नव्हतं. आणि कुठूनसा ओल्या दुपट्याचा वास आला. तिला वाटलं, वाळत घातलेल्या कपड्यांचा असेल...

तेवढ्यात तिला दिसलं. पाच पट्ट्यांच्या खाली सहावी पट्टी होती. बोटाच्या पेरापेक्षा लहान, नाव नसलेली. आणि ती उतरत होती.

"हा सहावा कोण?"

"सहावा?" घाई हसली. "आजी, चष्मा लावा. पाचच आहोत."

तिनं औषध दिलं. पट्टी उतरतच राहिली. पुन्हा दिलं. अर्धी झाली... पाव झाली...

मग डाव्या कानात, ज्या कानात ती कधी काही घालत नसे, त्यात एक बाई अगदी हळू बोलली.

"तो इथला नाही गं... ऊठ. बाळ पालथं पडलंय."

कानांतली तार ओढून ती धावली. आत बाळ आयुष्यात पहिल्यांदा पालथं झालं होतं, आणि तोंड उशीत रुतलं होतं. तिनं त्याला उचललं, पाठीवर थापट्या मारल्या. ओठ निळसर पडलेले. एक क्षण गेला, दुसरा गेला. मग ते असं रडलं, की तीही त्याच्यासोबत रडली.

बाळाला खांद्यावर घेऊन ती परत आली, तर गुहेत सगळे मरून पडलेले.

"आजी! चहाला गेला होतात की काय?" घाई ओरडली.

मागचीनं कानात सांगितलं म्हणून बाळ वाचलं, असं तिनं सांगितलं.

"गुहा उद्याही असेल," पहिलवान म्हणाला. "तुम्ही बाळाजवळ बसा. पण आजी, ती मागची बोलली कधी? आम्हाला तर तिचा आवाज आलाच नाही."

दुसऱ्या दिवशी चाक फिरलं आणि पाचवी पुन्हा मागचीच आली. नंतर रोजच. आजीनं एकदा धीर करून विचारलं, "ताई, तुम्हाला कसं कळलं?"



"माझाही एवढाच होता," मागची म्हणाली. "त्या दिवशी मीही दोन्ही कानांत घातलं होतं..."

त्यानंतर आजीची भीती कमी झाली, निदान मागचीची तरी वाटेनाशी झाली. बाळ रांगू लागलं, दात आले, हे ती मागचीलाच आधी सांगे. "त्याची टाच कशी आहे, मऊ?" असलं काहीतरी मागची विचारी, आणि आजी कौतुकानं सांगत बसे. शेवटी एकदा मागची म्हणाली, "एकदाच... माझा आवाज त्याच्या कानी घालशील?"

आजीनं मांडीवरच्या बाळाकडं पाहिलं. नाही म्हणावं, तर पोर जिवंत आहे ते हिच्यामुळं. हो म्हणावं, तर... तिनं तारेचं दुसरं टोक बाळाच्या कानाजवळ धरलं. बाळ खुदकन हसलं आणि मांडीवरच झोपलं.

दुसऱ्या दिवसापासून मागची आली नाही. चाक फिरे, पाचवं माणूस नवं असे. घाईसुद्धा विचारायची, "तुमची ताई रुसली का?"

महिन्याभरानं ती बटणं लावत बसली होती. मोबाइल नवऱ्याबरोबर ट्रकमध्ये गेला होता. आतून बाळाचं हसू आलं. जाऊन बघते, तर बाळ उताणं, हातात तार, तिचं एक टोक कानाशी धरलेलं. दुसरं टोक चादरीवर नुसतं पडलेलं. तार कशालाच जोडलेली नव्हती.

तिनं खाली वाकून ते दुसरं टोक आपल्या कानाला लावलं.

आत कुणी बाई गुणगुणत होती. मधेच एक बाळ हुंकारलं. तिच्या बाळानं इकडून हुंकार दिला. मग तिकडून पुन्हा आला, जरा जवळून.

गुणगुणणं थांबलं.

"श्श... खेळू दे त्यांना," ती बाई म्हणाली.

आजीनं तार बाळाच्या हातातून काढली नाही. पण त्या दिवसापासून बाळ निजलं की ती त्याच्या पायाला हात लावूनच बटणं लावते.