भिंतीतली दुपार

१९८५च्या सप्टेंबरात उल्काला लेस्टरच्या कौन्सिलमध्ये आठ महिन्यांची नोकरी लागली. साठच्या दशकात शहरात नवे रस्ते, पोहण्याचे तलाव, शाळा, लायब्रऱ्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या भिंतींवर हौसेने भित्तिचित्रं आणि मोझेक करून घेतली होती. वीस वर्षांत त्यातल्या बऱ्याच इमारती पाडायला आल्या होत्या. पाडण्याआधी प्रत्येक भिंतीची नोंद करायची, फोटो काढायचे, लांबी-रुंदी मोजायची, कलावंताचं नाव शोधायचं, एवढंच काम.

उल्का माझी बायको. मुंबईत चित्रकला शिकलेली. लग्नानंतर माझ्यामागे इकडे आली आणि दहा वर्षं एका शाळेच्या किचनमध्ये मुलांना जेवण वाढत होती. पहिल्या दिवशी कामावरून आली ती कोट न काढताच सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "शशी, इथे पहिल्यांदा मला कुणी मला येतं ते काम दिलंय."

मी हॉस्पिटलात वृद्धांच्या वॉर्डवर डॉक्टर होतो. म्हाताऱ्या शरीरांतलं पाणी आणि मीठ यांचा तोल सांभाळणं हे माझं रोजचं काम. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं मला जितकं तपासता आलं, तितकं मी तपासलं होतं.

रविवारी मीही तिच्याबरोबर जायचो. मोजायच्या टेपचं दुसरं टोक धरायला. रोमन शिपाई, होजिअरीची मशिन्स, लाल कोट घातलेले कोल्ह्याचे शिकारी, एका शाळेच्या जिमखान्यात डोळे उखडलेले मासे. बहुतेक चित्रं बेतास बात होती. उल्का मात्र प्रत्येक भिंतीवरून हात फिरवायची. एकेक तुकडा लावायला कुणीतरी किती वेळ घेतला असेल, ते बोटांनी मोजल्यासारखी.

नोव्हेंबरात आम्ही एका बंद झालेल्या तलावाच्या इमारतीत गेलो. लॉबीत भिंतभर नोटिस बोर्ड होता. त्याच्या कडेला उल्काला पिवळ्या काचेचा तुकडा दिसला. केअरटेकरने कुरकुरत स्क्रू काढले आणि बोर्ड खाली उतरवला.

मागे वाळवंट होतं.

चौदा फूट लांब, सात फूट उंच. खालपासून वरपर्यंत वाळू, शेकडो छटांच्या बारीक तुकड्यांची, आणि अगदी वर, क्षितिजावर, बोटभर उंचीचं एक शहर. सपाट छपरं, एक मनोरा. माणूस एकही नाही. सही नाही. कौन्सिलच्या जुन्या यादीत नाव नाही. केअरटेकर म्हणाला, तो तिथे पंधरा वर्षं होता आणि बोर्ड पहिल्या दिवसापासून तसाच होता.

डिसेंबरात दुसरं सापडलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बंद पडलेल्या एका होजिअरीच्या कारखान्यात, कॅन्टीनच्या मागच्या भिंतीवर. हात तोच, यात शंका नव्हती. तेच शहर, पण आता त्याची तटबंदी समोर होती आणि दरवाजा उघडा होता. उल्काने दोन्ही फोटो जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"जवळ आलंय," ती म्हणाली.

"मालिका केली असेल कुणीतरी."

"हो. तसंच असेल."

तिसरं तिने एकटीने शोधलं, जानेवारीत. स्टेशनजवळ रिंगरोडच्या खालून पायी जायचा एक बोगदा होता. इथे त्यांना सबवे म्हणतात. पोस्टर्सचे आणि रंगाचे थर तिने चार दिवस खरवडले. मग मला बघायला घेऊन गेली. खाली लघवीचा वास, कोपऱ्यात बिअरचे डबे, डोक्यावर ट्यूबलाइट. आणि भिंतीवर शहराची आतली गल्ली. मातीची घरं, दारांवर निळी चौकट, सावल्या अगदी आखूड, भर दुपारच्या. डाव्या हाताच्या तिसऱ्या घराचं दार अर्धवट उघडं होतं.

मी टेप लावायला भिंतीवर हात ठेवला. बाहेर बर्फाचा चिखल होता आणि भिंत गरम होती. दिवसभर उन्हात तापलेल्या भिंतीला संध्याकाळी हात लावल्यावर लागते तशी.

मागून विजेची केबल गेली असेल, असं मी म्हणालो. सोमवारी कौन्सिलच्या इंजिनिअरला फोन करून विचारलंही. त्याने नकाशा पाहिला. भिंतीमागे केबल नव्हती, पाइप नव्हता. मागे फक्त माती होती.

तलावाची इमारत जानेवारीतच पाडली. कारखाना फेब्रुवारीत. सबवे मे महिन्यात काँक्रीटने भरून वर रस्ता ओलांडायचे सिग्नल बसवणार होते.

फेब्रुवारीत उल्का सारखं पाणी पिऊ लागली. उशाशी जग, बॅगेत बाटली, तरी ओठ फुटलेले. चेहरा रापला. आमच्या शेजारच्या सुलक्षणाताईंनी तिला दारात थांबवून विचारलं, "काय गं, इंडियाला जाऊन आलीस आणि सांगितलंसही नाहीस?" त्या महिन्यात लेस्टरमध्ये सूर्य दिसला होता तो मोजून तीन दिवस. तिच्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले. मला वाटलं डायबेटिस. रक्त तपासलं. साखर ठीक होती. सोडियम १५८ होतं, ते १४५च्या वर जायला नको असतं. एवढं मी फक्त पडून राहिलेल्या, कुणी पाणी न पाजलेल्या म्हाताऱ्या माणसांत पाहिलं होतं. मूत्रपिंडं उत्तम काम करत होती, मिळेल तो थेंब धरून ठेवत होती. म्हणजे रोग नव्हता. निदान एकच निघत होतं: ही बाई कित्येक दिवस पुरेसं पाणी प्यायलेली नाही.

तिला ॲडमिट केलं. चार दिवसांत सगळं नॉर्मल. घरी आली, कामावर गेली. दहा दिवसांनी सोडियम १६०.

"तू सबवेत जातेस?" मी विचारलं.

"रस्त्यातच आहे."

"किती वेळ थांबतेस?"

"दहा मिनिटं. फार तर." ती भाजी चिरत होती. सुरी थांबली. "आज वार कोणता रे?"

"बुधवार."

"अजून बुधवारच?"

त्याच आठवड्यात गुरुवारी, तेरा मार्चला, दुपारची सुटी काढली आणि तिच्या ऑफिसपासून तिच्या मागे गेलो. पाऊस जोरात होता. ती सबवेच्या उतारावरून खाली गेली. मी वरच्या वळणावर कठड्याला टेकून उभा राहिलो. तिथून ती पूर्ण दिसत होती.

ती भिंतीसमोर, दीड हातावर उभी राहिली. हात खाली. बस्स. मी घड्याळ लावलं. दोन शाळकरी मुली हसत तिच्या मागून गेल्या. एक सायकल गेली. ती हलली नाही. तिची पापणी हलल्याचंही मला दिसलं नाही. मला दिसली ती सावली. डोक्यावरच्या मिणमिणत्या ट्यूबच्या उजेडात बाकी कशालाच धड सावली नव्हती. तिच्या पायांशी मात्र एक होती. काळी, आखूड, कडा कापल्यासारख्या.

अकरा मिनिटांनी ती वळली. मी खाली धावलो. ओठांवर रक्त सुकलेलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. ओळख आठवावी लागते तसं.

"शशी," ती म्हणाली. "तू म्हातारा नाही झालास."

घरापर्यंत माझा हात धरून चालली. पाय दुखत असल्यासारखी, पावलं जपून टाकत.

घरी मी तिला मीठ-साखरेचं पाणी दिलं. तिने दोन घोट घेतले आणि ग्लास खाली ठेवला, जणू उरलेलं कुणासाठी तरी राखून ठेवायचं होतं.

"पी सगळं."

"सवय गेली." ती कसनुसं हसली. "तिथे पाणी पुरत नाही, शशी. जे असतं ते आधी..."

ती थांबली.

"आधी काय? कुणाला?"

"तुला सांगितलं तर तू मला जाऊ देणार नाहीस."

"असंही नाही जाऊ देणार."

तिने माझा हात घट्ट धरला. तिच्या तळव्याला घट्टे होते, शेतात राबणाऱ्या बाईचे असतात तसे. "तो सबवे भरू देऊ नकोस. तू डॉक्टर आहेस, तुझं ऐकतील. काहीही सांग. पण भरू देऊ नकोस."

मी हो म्हणालो. आजारी माणसाला म्हणतात तसं.

मी तिच्या ऑफिसात सांगून टाकलं की ती आता कामावर येणार नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरांची तारीख घेतली. जवळजवळ चार आठवडे मी आणि सुलक्षणाताईंनी आलटून पालटून तिच्याजवळ बसून काढले. तिचं सोडियम उतरलं, चेहरा भरला, आणि ती दिवसभर घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत राहिली. एकदा जेवताना ताट सरकवून म्हणाली, "मी इथे जेवतेय." पुढे काही नाही. रडली फक्त.

नऊ एप्रिलला, बुधवारी, वॉर्डवर जाणं मला टाळता येईना. सकाळी साडेसातला आम्ही समोरासमोर बसून पोहे खाल्ले. तिने दोन कप चहा घेतला. आठला तिने दारातली दुधाची बाटली आत नेली, सुलक्षणाताईंनी तिला हात केला. नऊला ताई येऊन बसणार होत्या. नऊला त्या आल्या तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी सबवे झाडणाऱ्या माणसाला ती सापडली. भिंतीला टेकून बसलेली. त्याला वाटलं, कुणी बेघर म्हातारी आहे.

मी लेस्टरच्या हॉस्पिटलातला, म्हणून कॉरोनरने, म्हणजे अकस्मात मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, शवविच्छेदन नॉटिंगहॅमला पाठवलं. तिथले पॅथॉलॉजिस्ट हरीश चौबळ महाराष्ट्र मंडळातून माझ्या थोडेफार ओळखीचे होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"शशिधरराव, वहिनी शेवटचं पाणी कधी प्यायल्या?"

"काल सकाळी साडेसातला. दोन कप चहा."

त्यांनी वेळ पुन्हा विचारली. मी पुन्हा तीच सांगितली.

"हरीश?"

"तसं दिसत नाहीये. डोळ्याच्या गोळ्यातल्या द्रवाची तपासणी केली. किमान चार दिवस त्यांच्या पोटात थेंब गेलेला नाही."

"पोहे..."

"पोटात काही नव्हतं. काहीच." त्यांनी घसा साफ केला. "आणि त्यांचे पाय. त्या अनवाणी चालायच्या का हो?"

पोलिसांनी मला दोन वेळा बोलावलं. सुलक्षणाताईंनी दुधाच्या बाटलीची हकिगत शपथेवर सांगितली, हॉस्पिटलने तिचे आधीचे रिपोर्ट दिले, आणि कॉरोनरने मृत्यूचं कारण तूर्त अनिश्चित असं लिहिलं.

मी कौन्सिलला पत्र लिहिलं. मे महिन्यापर्यंत थांबू नका, असं. माणसं चांगली होती. माझ्यावरचा प्रसंग त्यांना माहीत होता. त्यांनी काम एकोणतीस एप्रिलवर आणलं.

त्या मंगळवारी मी सकाळपासून तिथे उभा होतो. दोन्ही तोंडं फळ्यांनी बंद केली आणि वरून नळीने काँक्रीट सोडायला सुरुवात झाली. फोरमनने बोगद्याचं माप घेऊन लॉऱ्या मागवल्या होत्या. त्या संपल्या तरी पातळी वर येईना. त्याने आणखी दोन मागवल्या. मग आणखी चार. टोपी मागे सरकवून तो मला म्हणाला, भिंत कुठेतरी फुटली असेल, मागे पोकळी असणार. थांबून बघायला हवं का?

"नको," मी म्हणालो. "भरा."

दुपारी तीनला पातळी रस्त्याला लागली. त्या संध्याकाळी, कित्येक आठवड्यांनी, मला झोप लागली.

गुरुवारी हरीशचा पुन्हा फोन आला.

"सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइड्स बघून झाल्या. शेवटचा रिपोर्ट आज पाठवतोय. त्याआधी एक विचारायचं होतं. रागावू नका." कागद चाळल्याचा आवाज आला. "तुम्हाला मुलं किती?"

"नाहीत."

"झालेलं, गेलेलं वगैरे?"

"नाही. तिला कधी दिवसच गेले नाहीत."

त्यांनी रिपोर्टवरचं नाव आणि जन्मतारीख मला वाचून दाखवली. दोन्ही बरोबर होतं.

"बोला, हरीश."

"दोन बाळंतपणं तरी झालेली आहेत. पूर्ण दिवसांची." ते फार हळू बोलत होते. "आणि दुसरं जुनं नाही, शशिधरराव. वहिनी अजून अंगावर पाजत होत्या."