कुरकुरती फळी

या, जरा जवळ सरकून बसा. देव दोन जिवांची गाठ कुठे घालील याचा नेम नाही. या दोघांची त्यानं पाणथळ रानात, एका फळीवर घातली. ऐका तर…

जुन्या किल्ल्यामागे झाडं गुडघाभर पाण्यात उभी आहेत. त्यांच्यामधून लाकडी पायवाट जाते, बिनकठड्याची. लोकांना किल्ला दाखवणारी एक तरुणी एका सकाळी त्या वाटेनं तरातरा आली आणि ओणव्यानं काम करणाऱ्या सुतारापुढे थांबली.

“वळणावरची फळी तुम्ही ठोकलीत?”

“हो. फार कुरकुरत होती.”

“मग तुमचं काय घोडं मारलं होतं तिनं?”

त्यानं हातोडी खाली ठेवली.

“माझ्या बाबांना दिसत नाही,” ती म्हणाली. “फळी कुरकुरली की ते वळायचे. काल सरळ गेले… चिखलात. आता म्हणतात, पुरे झालं फिरणं.”

त्याचा चेहरा उतरला. “मी चांगलं करायला गेलो हो—”

“तेच ना. नीट रागवताही येईना.”

“थोडं रागवा. मला चालेल.”

तिला हसू आलं. ते लपवायला ती पाण्याकडे पाहू लागली, तर पाण्यातही तोच.

वळणावर जाऊन त्यानं खिळे उपटले, फळीखाली पातळ पट्टी सरकवली. ती फळीवर पाय देऊन बघायची.

“असा होता आवाज?”

“छे, हा तर बेडूक.”

“आणि हा?”

“जरा जाड… बाबा खाकरतात तसा.”

उन्हं कलली तेव्हा फळी बरोबर खाकरली. ती मागे सरताना डगमगली, त्यानं हात धरला.

“पडत नाहीये मी,” ती हळूच म्हणाली.

“माहितीये…” तो म्हणाला. हात मात्र तिनंही काढला नाही.

दुसऱ्या सकाळी तिनं बाबांना कसंबसं वाटेवर आणलं आणि वळणाअलीकडे त्यांचा दंड सोडला. सुतार श्वास रोखून पलीकडे उभा. एक पाऊल… दुसरं… कुर्र. बाबा थांबले, गालात हसले आणि अलगद वळले.

“पोरी, सुतार इथेच आहे ना?”

“आहे, बाबा.”

“मग दोघं गप्प का? फळीसुद्धा बोलायला लागली.”

दोघांच्या माना खाली गेल्या.

“इथलं काम संपलं तुमचं?” तिनं विचारलं.

“संपलं. पण फळी पुन्हा मुकी झाली तर… मी जवळपास राहिलेलं बरं.”

“रोज बघावी लागेल,” ती म्हणाली. “माझ्याबरोबर.”

तेव्हा मंडळी, कधी पायाखाली फळी कुरकुरली तर कपाळाला आठी घालू नका. त्या सुताराची तेवढी आठवण काढा.