जुळ्या बहिणीचा संदर्भ

फोन आला तेव्हा ताई डबा उघडून बसली होती. पेपरच्या कचेरीत शिपायापासून संपादकांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. उपसंपादक म्हणून चोवीस वर्षं झाली होती, आणि इतक्या वर्षांत आपल्या मजकुरावर एकही दुरुस्ती छापावी लागली नाही, हे ती चारचौघांत ऐकवायचीही.

"माझ्या आत्याला जुळी बहीण आहे असं तुम्ही छापलंय," पलीकडचा माणूस म्हणाला. आत्या म्हणजे रेडिओवर तीस वर्षं बातम्या दिलेल्या निवेदिकाबाई. महिन्यापूर्वी त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली, तेव्हा ताईनंच लेख लिहिला होता. "माझे वडील आणि आत्या, दोघंच भावंडं. तिसरं कुणी नव्हतंच."

"इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात तसं आहे."

"तिथे तळटिपेत तुमचाच लेख दिलाय."

ताईनं पान उघडून पाहिलं. खरंच होतं. वाक्य जुनं, कुणी घातलं ठाऊक नाही, आधार कशाचाच नव्हता. घाईच्या दिवशी तिनं ते उचललं, तिच्या लेखावरून आणखी चार पेपरांनी उचललं, आणि आता त्याच वाक्याखाली पाचही पेपर पुरावा म्हणून उभे होते. तिची कानशिलं तापली. डबा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माफी मागायला बाईंच्या घरी गेली. दार फोन करणाऱ्या भाच्यानंच उघडलं. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या, ताठ, पण बोलल्या तेव्हा आवाज जेमतेम ऐकू आला.

"घसा बसलाय का तुमचा?"

"महिना झाला. ती आल्यापासून."

"कोण ती?"

बाईंनी आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. "मीही आधी नाहीच म्हणायचे. पण जो येतो तो विचारतो, बहीण कशी आहे. शाळेत धावण्याचं बक्षीस मिळालं होतं. मला मिळालं असं वाटायचं. आता वाटतं, तिला असेल."

"आत्या, त्या खोलीत अडगळ आहे गं," भाचा म्हणाला. ताईकडे बघायचं मात्र त्यानं टाळलं.

तेवढ्यात आतून आवाज आला. खणखणीत, शब्द न् शब्द सुटा, लहानपणी ताईच्या घरी सकाळी सात वाजता लागायचा तोच. जुनं रेकॉर्डिंग असेल, तिनं स्वतःला बजावलं.

"रेडिओ लावलाय का?"

"घरात रेडिओ नाही," भाचा म्हणाला.

ताईनं कान दिला. आतला आवाज तिचाच लेख वाचत होता. जन्म, शाळा, पहिली नोकरी. जुळ्या बहिणीच्या वाक्यापाशी तो थांबला, आणि त्यानं तेच वाक्य पुन्हा वाचलं. मग पुन्हा.

बाईंनी तिचं मनगट धरलं. "तुम्ही लिहिलंत, तुम्हीच खोडा. म्हणजे मी तरी राहीन."

ताई तडक कचेरीत गेली.

"बाकीचे चौघं गप्प आहेत," संपादक म्हणाले. "आपणच कशाला हसं करून घ्यायचं?"

"हसं माझं होऊ दे. माझं नाव घालून छापा."

चार ओळींची दुरुस्ती सकाळच्या अंकात आली. ताईनं बाकीच्या पेपरांना स्वतः फोन केले. ज्ञानकोशातली ओळ काढली, कारणही लिहिलं. दर तासाला पान उघडून पाहिलं.

ओळ परत आली नाही.

चार वाजता फोन वाजला.

"ऐकू येतंय ना नीट?" बाईंचा आवाज घरभर घुमेल असा मोकळा झाला होता. "बक्षीस माझंच होतं हो. पायात काटा मोडला होता, तरी धावले. सगळं लख्ख आठवतंय."

ताई हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. छातीवरचं ओझं उतरलं. दोन दिवसांत पहिल्यांदा तिला सडकून भूक लागली.

मग भाच्यानं फोन घेतला. "तुमचे फार उपकार झाले. आत्या आज पोटभर जेवली. सकाळी ती खोलीही उघडून घेतली. दार पार फुगून बसलं होतं, सुतार बोलवावा लागला. आत नुसती अडगळ. दुसरं दारही नाही त्या खोलीला."

"चला, सुटलो सगळे."

"हो, सुटलो." त्यानं आवाज उतरवला. "सुतार तेवढा जाताना विचारत होता, जरा हळू ठोका म्हणून आतून सांगणाऱ्या बाई कुठे गेल्या."