करंगळी

तुरुंगाच्या प्रयोगशाळेत डॉ. यामिनी तेंडोलकरांनी कैदी बांदलच्या डोक्यावर प्रतिभाव-वलय घट्ट बसवलं. बोल्ट ढिले झालेत हे माहीत असूनही याच माणसाने जत्रेत आकाशपाळणा फिरवत ठेवला होता. बाईंची सहा वर्षांची मुलगी चिन्मयी त्यातून पडून दगावली.

आणि आता हा पठ्ठ्या लोकांचा लाडका झाला होता! कैद्यांना जनतेशी बोलू देणारा 'खिडकी' हा कार्यक्रम दर शनिवारी लागायचा. बांदल जत्रेतले किस्से रंगवायचा, लोक पोट धरून हसायचे. कुणा बाईने तर त्याला स्वेटर विणून पाठवला. यामिनीबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

'खिडकी' बंद करावी का, यावर समिती बसली. बाई बंदच करा म्हणणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. पण त्या म्हणाल्या, खुशाल बोलू द्या, फक्त ऐकणाऱ्यांना काय वाटतं तेही त्याला भोगू द्या. श्रोत्याच्या कानातली श्रवणकडी त्याचा भाव टिपणार आणि बाईंनी बनवलेलं वलय तो जसाच्या तसा कैद्याच्या मेंदूत उमटवणार. समितीला ते पटलं.

आज मात्र बाईंनी बाकी सगळ्या श्रोत्यांचा भाव शून्यावर आणला आणि एकट्या स्वतःचा पूर्ण सोडला. त्यांचे सहकारी डॉ. मुकादम यांच्या ते लक्षात आलं.

"बाई, यंत्र निवड करत नाही. मनात असेल ते सगळं जाईल."

"माझ्या मनात फक्त द्वेष आहे. बुडू दे त्याला त्यात."

बांदलने नवा किस्सा सुरू केला आणि मध्येच अडखळला. चेहरा पांढराफटक पडला. तो स्वतःच्याच हातांकडे किळसून पाहू लागला. बाईंना बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

मग बांदलने डाव्या मुठीत उजव्या हाताची करंगळी घट्ट धरली.

रस्त्याने चालताना चिन्मयी आईचं तेच बोट धरायची. हे कोर्टात कुणी बोललं नव्हतं.

"इथं कुणीतरी धरायचं," तो हुंदके देत म्हणाला. "बाई, हे काढू नका. एवढं तरी माझ्याजवळ राहू द्या."

चिन्मयीसाठी हा रडणार? बाईंनी वलय हिसकावून काढलं. बांदलचे हुंदके थांबले. त्याने मुठीतल्या करंगळीकडे नवलाने पाहिलं, ती सोडून दिली, नाक पुसलं आणि माइककडे सरकला.

"हां, तर मंडळी, कुठवर आलो होतो आपण?"

बाहेर घराघरांत लोक पुन्हा हसायला लागले असतील. बाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि वलय परत त्याच्या डोक्यावर दाबून बसवलं. त्याने पुन्हा करंगळी धरली.

"म्हणजे दर शनिवारी तुम्हालाही इथं बसावं लागणार," मुकादम हळूच म्हणाले. "तुमचं दुःख ओसरलं, की तो सुटला."

"ओसरू देणार नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कानातली श्रवणकडी नीट बसवून घेतली.