विमलचाच नेम कसा लागतो?

"पाचपैकी पाच! शाबास, विमल!"

हवालदारकाका ओरडले आणि रुख्मिणीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचे स्वतःचे पाचही छर्रे कुठं गेले होते, देव जाणे!

चीनशी लढाई होऊन वर्ष झालं होतं. म्हणून यंदा दिवाळीच्या सुटीत डोणगावच्या शाळेमागं चार मुलांना छर्ऱ्याची बंदूक शिकवत होते. शिकवायला फौजेतून परतलेले रंगराव हवालदार, सामान जमवायला वामनराव गुरुजी. मेहकरच्या सामन्यासाठी उद्या एकाची निवड व्हायची होती. आणि खामगावहून आलेली मामेबहीण विमल तीन दिवसांत सगळ्यांची लाडकी झाली होती! घरीसुद्धा आई आधी तिचीच वेणी घालायची.

"ही काहीतरी लबाडी करून राह्यली," रुख्मिणी भावाला म्हणाली.

"तुले पाहवून नाही राह्यलं, दुसरं काय!" तुळशीराम हसला.

"गप बे! चाल, पाहून येऊ."

दुपारी मैदान रिकामं होतं. मातीच्या बांधापुढं रुख्मिणी, तुळशीराम, विमल आणि वर्गातला कचरू अशा चौघांची चार निशाणं टांगलेली. त्यातली तीन साध्या खाकी कागदाची, वर निळ्या शाईची पुसट वर्तुळं. बंदूक धरायच्या जागेवरून रुख्मिणीनं डोळे ताणले. खाकी कागद, मागं खाकी माती. वर्तुळाचा पत्ताच नाही! विमलचं निशाण मात्र पांढऱ्या पुठ्ठ्याचं, त्यावर जाड काळा गोल.

"अबे! आपण तर मातीवरच नेम धरून राह्यलो होतो!" तुळशीराम ओरडला. "चाल, गुरुजींले सांगू."

"तू घरी जा, मी सांगते."

तो गेला. रुख्मिणी गुरुजींकडं निघालीही. पण पाचपैकी पाच लागल्यावरचं विमलचं हसू डोळ्यांपुढं आलं आणि ती मागं वळली. तिनं पांढरा पुठ्ठा आपल्या जागेवर टांगला, आपला खाकी कागद विमलच्या!

दुसऱ्या दिवशी रुख्मिणीचे चार छर्रे लागले. विमलचा एकही नाही.

"काल तर दिसत होतं! आज मले काही दिसूनच नाही राह्यलं," विमल रडकुंडीला आली.

"सबबी नकोत!" गुरुजींनी वहीत रुख्मिणीचं नाव लिहिलं.

रुख्मिणीला हसायचं होतं, पण हसू येईना. तुळशीराम तिच्याकडं टक लावून बघत होता. शेवटी ती पुढं झाली.

"गुरुजी, विमलच्या निशाणावर तुम्ही मारून पाहा ना एकदा!"

गुरुजींनी ऐटीत बंदूक उचलली. पाच छर्रे सुटले, कागद शाबूत! हवालदारकाका हसत पुढं आले. त्यांचेही तीन हुकले.

"अरे, निशाण आहे तरी कुठं?"

"तेच तर, काका! पांढरा पुठ्ठा एकच आहे. काल तो विमलचा होता. आज..." रुख्मिणीनं मान खाली घातली. "मीच बदलला."

विमलनं झटकन तिच्याकडं पाहिलं. मग हवालदारकाका गुरुजींकडं वळले. "बाकीचे पुठ्ठे?"

"कपाटात आहेत, एकच बाहेर राहिला होता," गुरुजी ओशाळले. "किल्ली शोधायचा कंटाळा केला."

किल्ली सापडली! मुलं पुठ्ठ्यांवर काळे गोल रंगवायला बसली.

"काका, काळ्यात छिद्र दिसत नाही," रुख्मिणी म्हणाली. "मधात पतंगाचा पिवळा कागद लावू?"

"वा! नेम कुठं लागला ते शिकाऱ्यालाही कळलं पाहिजे, शिकाऊ पोराला तर आधी! लाव."

कागद चिकटवताना विमल तिच्याशी एवढंच बोलली, "खळ दे."

चारही निशाणं उन्हात झळकली आणि नेमबाजी पुन्हा सुरू झाली.

"रुख्मिणी, डोकं छान चालवलंस," हवालदारकाका म्हणाले. "आणि चूक आपल्या तोंडानं सांगितलीस, त्याला जास्त हिंमत लागते!"

गुरुजींनी निकाल वाचला. "विमल चार, रुख्मिणी चार, कचरू तीन... आणि तुळशीराम पाच! मेहकरला तुळशीराम!"

तुळशीराम छाती काढून मैदानभर मिरवायला लागला.

"कसा तोरा दाखवून राह्यला, पाहा!" विमल पुटपुटली.

"हाव ना!" रुख्मिणी म्हणाली. आणि दोघी बहिणी पहिल्यांदाच एका जिवानं जळल्या.