दिवेलागणीचं कव्हर

श्रीपाद खरं तर वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीला आला होता. तिथे कुलूप. चिठ्ठी लिहायला पेन मागावं म्हणून त्याने तनयाची बेल दाबली आणि पाटीवरचं तिच्या बाबांचं ‘दत्तात्रय आठल्ये’ हे मराठी नाव वाचून तो दिल्लीत असूनही हिंदी विसरलाच.

“पेन मिळेल का हो?”

“तुम्ही... कॉम्प्युटर दुरुस्त करता?” त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर आणि काखेतला कीबोर्ड बघून तिने विचारलं. घ्या, अशी सुरुवात!

मयूर विहारात त्या जानेवारीत दुपारपर्यंत धुकं हलत नव्हतं. माणसं गारठलेली आणि तनयाचा कॉम्प्युटर मात्र रोज संध्याकाळी तापून फटकन बंद पडायचा. डॉक्टरांची रेकॉर्डिंग ऐकून ती घरीच टाइप करायची, ते काम अर्धवट उडायचं. कंपनीने बजावलं होतं, आणखी एकदा उशीर झाला तर नोएडाला ऑफिसात यावं लागेल. मग बाबांकडे कोण बघणार? आईला जाऊन दोन महिने झाले होते. तेव्हापासून बाबांनी तोंड उघडलं नव्हतं. ताट समोर ठेवलं तर जेवायचे, नाहीतर तेही नाही.

श्रीपादने पंखा साफ केला, प्रोसेसरला उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली आणि स्क्रीनवर तापमान दाखवलं. “बेचाळीस. आता फाइल उघडा... अठ्ठावन्न. थांबा जरा. बघा, उतरलं.”

“बाप रे, एवढं चढतं?”

“काम पडलं की चढणारच. चढून उतरलं नाही, तर घाबरायचं.”

“माणसांचंही असंच असतं का हो?”

“ते मला येत नाही. मी आपला डेस्कटॉपवाला!”

तनया हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा, आणि तिची तिलाच लाज वाटली.

त्याच्या सांगण्यावरून ती दर तासाला आकडा वहीत लिहू लागली. तो तीनदा आला, तिन्ही वेळा दुपारी, आणि तिन्ही वेळा सगळं ठीक. वही मात्र सांगत होती: सहानंतर सत्तर, ऐंशी, बंद.

“संध्याकाळीच काहीतरी होतंय. उद्या तेव्हा येतो.”

“या ना... चहाला,” ती बोलून गेली, आणि तिचे कान गरम झाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी श्रीपाद येऊन बसला आणि तिने देवापाशी दिवा लावला. त्याबरोबर बाबा उठले. आईने जुन्या साडीचं शिवलेलं दुपदरी कव्हर त्यांनी चालू कॉम्प्युटरच्या खालच्या डब्यावर घातलं, कडा नीट खाली ओढल्या आणि खुर्चीत जाऊन बसले.

“हे रोज?” श्रीपादने हळूच विचारलं.

“आई झाकायची ना, धूळ बसू नये म्हणून. सकाळी मी काढते...” तनया मध्येच थांबली. अगं वेडे, इतके दिवस डोळ्यांसमोर होतं की! पण आईचं काही हलवायची तिचीच छाती नव्हती.

श्रीपादने कव्हरला हात लावला नाही. तो बाबांपुढे खाली बसला. “काका, काकू आधी मशीन बंद करायच्या ना? मग झाकायच्या?”

बाबा दोन महिन्यांत पहिल्यांदा बोलले. “बंद करवत नाही रे मला. हॉस्पिटलात तिची मशिनं... एकेक करून बंद केली त्यांनी. मी नुसता बघत उभा होतो.”

आणि ते ढसाढसा रडले. तनया त्यांना बिलगली. तीही रडली, अगदी पोटभर. बऱ्याच वेळाने बाबांनी उठून कव्हर काढलं.

पुढचे आठ दिवस आकडे शहाण्यासारखे वागले. श्रीपादला यायला कारणच उरलं नाही. नवव्या दिवशी तिने फोन लावला.

“किती आहे?” त्याने विचारलं.

“काही नाही... बंद आहे. आज दिवेलागणीला बाबांनी स्वतः बंद केला. मग झाकला.” तिने कव्हरची कड सरळ केली. “आणि मला विचारलं, तो मुलगा का येत नाही?”

“मग? काय सांगितलंत?”

“म्हटलं, मी बोलावलंच नाही. श्रीपाद... आता बोलावतेय. कॉम्प्युटरसाठी नाही.”

पलीकडे काहीतरी धाडकन पडलं.

“थांबा,” तो म्हणाला, “स्कूटरची किल्ली शोधतोय.”