पुसलेली तोंडं

मी पाळणाघर चालवते आणि स्वच्छतेच्या बाबतीत माझं डोकं फार लवकर तापतं. चपला बाहेर, हात कोपरापर्यंत धुतलेले, खेळणी रोज गरम पाण्यात. आमच्या मावशी म्हणतात, "ताईंचं चाललं तर मुलंसुद्धा उकळून काढतील." त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या गुंड्याच्या आईने एका संध्याकाळी त्याची कॉलर खाली ओढून "हे काय आहे?" असं विचारलं, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याकडे पुरळ? शक्यच नाही!

पण होती. मानेच्या मागे, केसांच्या कडेला लालभडक चट्टा. त्यावर बारीक पुळ्या आणि वाळलेल्या डिंकासारखा पातळ, चकचकीत थर. मी नाक जवळ नेलं. आंबलेल्या दुधात भिजून पडलेल्या फडक्यासारखा वास आला.

बघता बघता निम्म्या मुलांना तेच झालं. गाल, हनुवटी, कानामागची खाच. माझ्या बबडीलाही. बबडी म्हणजे माझी मुलगी, नुकती चालायला लागलेली. तिला मी दिवसभर याच मुलांत ठेवते. तिच्या गालाला हात लावला की ती मान झटकून रडायची, आणि मला रडताही येत नव्हतं, कारण समोर इतरांच्या आया उभ्या असायच्या.

मग मी हात धुऊन मागे लागले. साबण बदलला, पावडर बंद केली, गाद्यांची जुनी रेक्झिनची कव्हरं फेकून दिली, चादरी उकळल्या. ढेकूण मारणारा बोलावला. तो सगळे कोपरे बघून म्हणाला, "बाई, इथं ढेकूण आला तर उपाशी मरेल." पुरळ वाढतच गेली.

शेवटी बबडीला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी भिंग लावून गाल पाहिला. "लाळेची पुरळ आहे. दात येताना होते. ओल राहते, कातडी सोलवटते."

"हनुवटीचं समजलं, डॉक्टर. पण मानेच्या मागे? तिथं तिची लाळ कशी पोचेल?"

त्यांनी बबडीला पालथं केलं. मानेवरचे बारीक केस एकमेकांना चिकटून कडक झाले होते. सगळे एकाच दिशेला वळलेले, खालून वर.

"घरात कुत्रं आहे? मांजर?"

"नाही."

"चाटल्यासारखं दिसतंय," ते म्हणाले आणि लगेच हात धुवायला उठले. बराच वेळ धुत होते. मलम लिहून देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मावशींवर घसरले. आमच्याकडे जेवल्यावर लगेच मुलांची तोंडं पुसत नाहीत. पुसायला गेलं की ती चिडतात, झोप उडते, मग एक रडलं की सगळी रडतात. म्हणून बरबटलेली असली तरी तशीच गादीवर घालायची आणि झोपली की ओल्या फडक्याने हलकेच पुसायचं, असा मीच घालून दिलेला नियम. त्या वेळात मी पुढच्या खोलीत फोन घेते, मावशी स्वयंपाकघरात भांडी घासतात. मुलं उठतात तेव्हा तोंडं कशी लख्ख असतात!

"मावशी, खरं सांगा, तोंडं पुसायचं फडकं कुठं ठेवता? कुबट वास येतो मुलांना."

मावशींनी नळ बंद केला. "मी कुठं पुसते? तुम्ही पुसता ना, ताई?"

"मी?"

"मला वाटलं, भांड्यांचे हात नकोत म्हणून तुम्हीच करता."

 आम्ही दोघी झोपायच्या खोलीत गेलो. पडदे ओढलेले, पंखा फिरतोय, मुलं ओळीने झोपलेली. तासाभरापूर्वी त्यांनी कुस्करलेलं केळं आणि दूध-बिस्किट खाल्लं होतं. एकाच्याही तोंडाला कण नव्हता. बबडीच्या कानामागे हात लावला. ओलं होतं. कोमट.

मावशी मोरीत जाऊन ओकल्या. मी बोटं साबणाने इतकी घासली की नखांजवळ रक्त आलं, तरी वास जाईना.

त्या दिवसापासून मुलांची तोंडं झोपण्याआधी, रडली तरी, आम्ही पुसू लागलो. पुरळ थांबली नाही. आम्ही आळीपाळीने खोलीत बसायला लागलो. बसणारीचे डोळे उघडे असेपर्यंत काही होत नसे. डोळा लागला की चुकत नसे. आणि डोळा हमखास लागायचा. सुट्टीच्या दिवशी बबडीला दुपारी माझ्या घरी, माझ्या पलंगावर झोपवलं. माझी पाच मिनिटं डुलकी लागली असेल. तिची हनुवटी ओली. म्हणजे पाळणाघराला कुलूप लावूनही सुटका नव्हती.

मग मला अंगठा सोडवायचं औषध आठवलं. गुंड्या अंगठा चोखतो म्हणून त्याच्या आईनेच आणून दिलेलं, जहर कडू. मुलं झोपल्यावर मी ते प्रत्येकाच्या गालाला, मानेला, कानामागे अगदी पुसटसं लावलं आणि रोजच्यासारखी पुढच्या खोलीत येऊन बसले. मावशींनी भांडी घासायला घेतली.

थोड्या वेळाने आतून आवाज आला.

थू.

मग पुन्हा. थोडा पलीकडून.

आम्ही धावलो. मुलं झोपेतच होती. प्रत्येक गादीशेजारी फरशीवर फेसाळ थुंकीचा एकेक गोळा पडला होता. त्यात मुलांच्या मानेवरचे बारीक केस होते.

"मी नाही पुसणार हे," मावशी म्हणाल्या. "पगार कापा, पण मी नाही पुसणार."

मीच पुसलं. श्वास रोखून, जुन्या चादरीने, आणि चादर जाळून टाकली.

पण पुरळ बसली! चार दिवसांत गाल पूर्ववत झाले. गुंड्याची आई हसून बोलली, मी बबडीचे मुके घेऊन घेऊन तिला भंडावून सोडलं. वाटलं, जिंकलं बाई.

पुढच्या आठवड्यात बबडी दुपारी किंचाळून उठली.

तिच्या दंडावर, जिथं औषध लावलं नव्हतं तिथं, वण होते. गोल. बारीक दातांचे, एकाला एक लागून, माणसाच्या तोंडात मावणार नाहीत इतके.

उपाशी ठेवलं होतं ना मी त्याला.

त्या संध्याकाळी मी बाटली फेकून दिली. आता दुपारी मुलांना स्वच्छ पुसूनच झोपवते, आणि मी बबडीशेजारी गादीवर पडते. पडण्याआधी स्वतःच्या गालांना, गळ्याला केळं आणि दूध चोपडते. किळस येते. स्वतःच्याच कातडीची किळस येते. पण डोळे मिटते. मग ते येतं. खरखरीत, कोमट, सावकाश. मी हलत नाही, डोळे उघडत नाही. उठते तेव्हा माझं तोंड लख्ख असतं आणि कातडी आग आग होत असते. मुलांच्या अंगाला ओरखडासुद्धा नसतो. माझ्या चेहऱ्याकडे बघून गुंड्याची आई काल म्हणाली, "ताई, डॉक्टरांना दाखवा हो." मी म्हटलं, उष्णता झाली असेल.

आज दुपारी मात्र काही जाणवलं नाही. गालावरचं केळं वाळून कातडी ओढायला लागली, तशी मी डोळे उघडले.

बबडी माझ्याआधीच जागी झाली होती. गादीवर बसून ती माझ्या पाठीमागे, वर, कुणाकडे तरी बघत होती. गुदगुल्या झाल्यासारखी खुदुखुदू हसत होती. माझ्या गालावरचं केळं बोटाने निपटून तिने हात पुढे केला.

बोट बरबटलेलं होतं. मी बघत असतानाच ते लख्ख झालं.